‘घरी न्या, सेवा करा’ असं डॉक्टर म्हणाले, आता पुढे काय?

साताऱ्यात, कराडात किंवा मिरजेत मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर एके दिवशी नातेवाइकांना बाजूला घेतात आणि सांगतात, "आता करण्यासारखं काही राहिलं नाही. घरी न्या, सेवा करा." यातलं पहिलं वाक्य चुकीचं आहे आणि दुसरं अर्धवट. करण्यासारखं पुष्कळ उरलेलं असतं. आणि सेवा म्हणजे नेमकं काय, हे कुणीच सांगितलेलं नसतं. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं घरच्यांना कसंबसं जमतं. पण रात्री दोन वाजता कळ असह्य झाली, धाप लागली, उलटी थांबेना, जखमेला वास यायला लागला, तर काय करायचं? ते शिकवणारी आणि त्यावर औषध देणारी वैद्यकशास्त्राची एक वेगळी शाखा आहे. तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. रोग बरा करण्याच्या मागे न लागता त्याने होणारा त्रास कमी करणं, आणि रुग्णाबरोबर घरच्यांनाही सांभाळणं, हे तिचं काम. आयुष्याच्या शेवटच्या काही महिन्यांत किंवा आठवड्यांत जेव्हा फक्त हीच सेवा उरते, तेव्हा तिला हॉस्पिस म्हणतात.

हे फक्त कॅन्सरवाल्यांसाठी आहे, असा एक समज आहे. मूत्रपिंड निकामी झालेले, हृदय थकलेले, दम्यासारख्या जुनाट विकाराने फुप्फुसं खराब झालेले, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले, या सगळ्यांना ती लागते. दुसरा समज जास्त नुकसान करतो. तो म्हणजे, ही सेवा अगदी शेवटी घ्यायची. २०१० साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांना त्याच उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह सेवाही दिली. दुसऱ्या गटातल्या रुग्णांचे दिवस जास्त बरे गेले, त्यांच्यावर शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते जास्त जगले. मध्यक (मीडियन, म्हणजे गटातल्या मधल्या रुग्णाचा काळ) काढला तर ११.६ महिने विरुद्ध ८.९ महिने. म्हणजे केमो चालू असतानाच या डॉक्टरांना भेटायला हरकत नाही. उलट भेटावंच.

इमारत शोधू नका, माणसं शोधा

हॉस्पिस म्हटलं की डोळ्यांसमोर एक शांत इमारत येते. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात तशीच झाली. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केलं. भारतात पहिलं हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं, शांती अवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे. तिथे कर्करोगाच्या रुग्णांना मोफत ठेवून घेतात आणि घरचं माणूस सोबत राहू शकतं. साताऱ्याहून ते शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, सांगलीहून सव्वादोनशेच्या पुढे. त्रास आटोक्यात आणायला आठ-दहा दिवस तिथे राहून परत येणं, हा त्याचा चांगला उपयोग. पण जतच्या किंवा पाटणच्या माणसाला शेवटचे तीन महिने पुण्यात ठेवणं बहुतेक घरांना झेपत नाही, आणि बहुतेक म्हाताऱ्या माणसांना ते नकोही असतं. "मला माझ्या दारात जाऊ द्या," हेच ऐकू येतं.

म्हणून सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत निवड करायची ती बहुधा घरी येणाऱ्या सेवेची. केरळने हे करून दाखवलं आहे. तिथे गावोगावचे स्वयंसेवक, परिचारिका आणि डॉक्टर मिळून घरोघर जातात, आणि २००८ साली राज्य सरकारने त्याचं धोरणच केलं. आपल्याकडे केंद्र सरकारचा राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून आहे, आणि उपकेंद्रांची जी आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, त्यांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि पॅलिएटिव्ह सेवा मोडते. कागदावर आहे म्हणजे तुमच्या गावात चालू आहेच असं नाही. पण चौकशीची पहिली पायरी तीच. गावातल्या आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. मग जिल्ह्याला विचारा: साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. "पॅलिएटिव्हची ओपीडी आहे का, कुठल्या वारी, आणि टीम घरी येते का?" एवढे तीन प्रश्न. खासगीत ज्या कॅन्सर रुग्णालयात उपचार झाले, तिथेही हेच विचारा.

चौकशी करताना तुम्हाला तीन प्रकारची माणसं भेटतील आणि तिघंही स्वतःला जवळपास एकच नाव लावतील. पहिला प्रकार खऱ्या पॅलिएटिव्ह टीमचा: प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, परिचारिका, शक्यतो समुपदेशकही. दुसरा ब्युरो. तो बारा तासांच्या पाळीवर मावशी किंवा ब्रदर पाठवतो. तिसरा वृद्धाश्रमाला जोडून चालणारं सेवा केंद्र, जिथे अंथरुणाला खिळलेल्यांना महिन्याच्या पैशांवर ठेवून घेतात. दुसरे आणि तिसरे वाईट नव्हेत. चांगली मावशी घराला तारून नेते. पण तिला वेदनेचं औषध बदलता येत नाही, आणि तिचं ते कामही नाही. ब्युरोला पैसे भरले म्हणजे हॉस्पिस घेतलं, असं समजून बसलेली घरं बरीच असतात. कुठेही पैसे भरण्याआधी एक विचारा: डॉक्टर कोण, त्यांनी पॅलिएटिव्ह केअरचं शिक्षण कुठे घेतलं, आणि ते स्वतः रुग्णाला किती दिवसांनी बघणार? उत्तर गोलगोल आलं तर समजून जा.

मॉर्फिन आहे का?

हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न, आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. कर्करोगाची जोरदार वेदना साध्या गोळ्यांनी भागत नाही. ट्रॅमाडॉलसारख्या औषधालाही एक मर्यादा असते. त्यापुढे डोस वाढवून त्रासच वाढतो. मग लागतं तोंडाने घ्यायचं मॉर्फिन. ते महाग नाही, पण गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, कारण १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने त्यावर कडक नियंत्रण आहे. पूर्वी एका रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत, म्हणून बहुतेकांनी नादच सोडला होता. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेतलेल्या संस्थेला ती ठेवण्याची वाट मोकळी झाली. तेव्हा विचारायचं ते असं: "तुमची संस्था मान्यताप्राप्त आहे का? मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्याकडेच मिळतात, की आम्हाला दुसरीकडून आणाव्या लागतील? एका वेळी किती दिवसांच्या देता?" दर आठवड्याला गोळ्यांसाठी आटपाडीहून मिरजेला खेप घालायची असेल, तर ते आधी कळलेलं बरं.

घरात मॉर्फिन आलं की भीतीही येते. सवय लागेल, नशा होईल, हे दिलं म्हणजे आता संपलंच. डॉक्टरांच्या हिशेबाने वेदनेवर दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणं फार विरळा. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ होते, मग ती कमी होते. बद्धकोष्ठता मात्र हटत नाही, म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. ते न लिहिता नुसतं मॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर दिसला, तर त्याला या कामाचा अनुभव कमी आहे असं समजा. साधी गोळी साधारण चार तास चालते, त्यामुळे ती घड्याळ बघून द्यायची असते. दुखायला लागल्यावर द्यायची नसते. मधेच कळ उठली तर वरून किती द्यायची, हेही लिहून घ्या. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोसचा हिशेब बदलतो, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा. फेंटॅनिलची कातडीवर चिकटवायची पट्टी लावली असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका; उष्णतेने औषध भराभर अंगात जातं. आणि मॉर्फिन वेदनेपुरतंच नसतं. लहान डोसमध्ये ते धापही कमी करतं, हे अनेक डॉक्टरांनाही सुचत नाही.

रात्री फोन कोण उचलतं

माहितीपत्रकावर सगळेच 'चोवीस तास सेवा' छापतात. निवड करण्याआधी एकदा रात्री साडेदहाला त्यांना फोन लावून बघा. उचललाच, तर समोर रुग्णाची माहिती असलेली परिचारिका आहे की नुसता ऑपरेटर, ते कळेल. रात्री कुणी घरी यावं अशी अपेक्षा ठेवू नका. माण-खटावच्या वस्तीवर रात्री टीम पोचणं अवघडच. पण फोनवर "डब्यातली निळी पट्टी फोडा, अर्धी गोळी जिभेखाली ठेवा, वीस मिनिटांनी मला परत सांगा" एवढं सांगणारं माणूस हवं. त्यासाठी चांगली टीम आधीच घरात औषधांचा एक डबा तयार करून ठेवते आणि प्रत्येक पट्टीवर मराठीत लिहिते: कशासाठी, किती. दुखणं, धाप, उलटी, तगमग, घशातली घरघर, फिट, प्रत्येकासाठी काहीतरी. तुमच्या टीमने असा डबा दिला नाही तर मागून घ्या. गोळी गिळता येईनाशी झाली तर कातडीखाली बारीक सुई बसवून औषध देता येतं. ते तुमच्या टीमला येतं का, हेही विचारा.

फोन उचलणाऱ्याइतकंच शिकवणारं महत्त्वाचं. पहिल्या भेटीत परिचारिकेने घरच्यांकडून एकदा तरी हाताने करून घ्यायला हवं: कूस कशी बदलायची, लघवीची पिशवी कशी रिकामी करायची, तोंड ओल्या कापसाने कसं पुसायचं, नळीतून भरवताना डोकं किती उंच ठेवायचं. बाहेर आलेल्या गाठीच्या जखमेला वास येत असेल, तर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड त्यावर टाकली की बराच फरक पडतो. इतकी साधी गोष्ट, पण ती कुणी न सांगितल्याने माणसाला मागच्या खोलीत ठेवलेलं असतं.

हे सगळं कोण शिकणार, हाही प्रश्नच आहे. खानापूर-विट्याकडची मुलं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात पार दुसऱ्या राज्यात असतात, जावळी-पाटणची मुंबईला. घरी उरते सून, किंवा स्वतः सत्तरी ओलांडलेली बायको. मुलं फोनवर निर्णय घेतात, आणि रात्री जागते ती. टीम निवडताना बोलणं मुलाने केलं तरी पहिल्या भेटीला जागणाऱ्या बाईला समोर बसवा, तिलाच विचारू द्या. आणि टीमला विचारा, की हिला चार दिवस विसावा हवा झाला तर रुग्णाला ठेवून घेण्याची सोय कुठे आहे? ही चैन नाही. तीन महिने सलग न झोपलेलं माणूस औषध देताना चुकतं.

"सलाईन तरी लावा की!"

माणूस जेवेनासा झाला, की बघायला येणारा प्रत्येक जण हे म्हणतो. भावकीचा दबाव इतका असतो, की गावातले डॉक्टरही बाटली लावून मोकळे होतात. यावर थोडं थांबून बोलायला हवं, कारण अखेरच्या दिवसांत याइतका त्रास दुसऱ्या कशाने होत नाही.

शरीर बंद होत आलं की भूक आणि तहान आपणहून कमी होते. खाणं थांबलं म्हणून माणूस जात नसतो. तो जात असतो म्हणून खाणं थांबतं. अशा वेळी शिरेतून पाणी घातलं तर थकलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. पाय सुजतात, पोट फुगतं, छातीत पाणी साठून धाप आणि घरघर वाढते. सलाईन कायमच वाईट असं नव्हे. उलट्या-जुलाबाने किंवा रक्तातलं कॅल्शियम वाढल्यामुळे माणूस मलूल झाला असेल आणि त्याच्यापुढे अजून आठवडे असतील, तर ते उपयोगी पडतं. फरक कुठला, हे डॉक्टरने घरच्यांना बसवून सांगायचं असतं. म्हणून टीमला आधीच विचारा: "शेवटी खाणं बंद झालं तर तुम्ही काय करता?" जे लगेच नळी आणि बाटलीवर येतात, त्यांची दिशा वेगळी आहे. जे तोंड ओलं ठेवायला, चमचाभर पाणी किंवा आवडीचा रस ओठांना लावायला सांगतात, आणि गरज पडली तर भावकीसमोर तेच ठामपणे सांगायला तयार असतात, त्यांच्याकडे जा. घरच्या माणसाने म्हटलं तर "पैसा वाचवतोय" होतं. तेच डॉक्टरने म्हटलं की तोंडं बंद होतात.

शेवटच्या तासांतली घरघर ऐकायला भयंकर वाटते. ती घशात साठलेल्या लाळेची असते, आणि बहुतेक वेळा रुग्णाला तोवर तिची जाणीव नसते. कुशीवर वळवलं आणि औषध दिलं की ती बरीच कमी होते. हे आधी कुणी सांगितलेलं असलं, तर माणसं घाबरून १०८ ला फोन लावत नाहीत. नाहीतर काय होतं ते उघड आहे. अॅम्ब्युलन्स येते, गाडीत छातीवर दाब, दवाखान्यात घशात नळी, आणि घरी जायचं म्हणणारा माणूस आयसीयूत जातो. मिरजेत १८९४ पासून, मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांच्या काळापासून, मोठे दवाखाने आहेत. इतके दवाखाने जवळ असण्याचा हा एक तोटा.

डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी

आयसीयूतून घरी न्यायचं ठरलं, की पुष्कळ ठिकाणी 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत' अशा कागदावर सही मागतात. घाईत ती केली जाते. मग हातात औषधांची धड यादी नसते, वेदनेचं औषध नसतं, पुढे कुणाला विचारायचं ते नसतं. डॉक्टरांनीच उपयोग नाही असं सांगितलं असेल, तर हे सल्ल्याविरुद्ध कसं? नियमित डिस्चार्ज मागा, त्यावर आजाराची अवस्था, चालू औषधं आणि पॅलिएटिव्ह टीमच्या नावे चिठ्ठी लिहून घ्या. टीमलाच आदल्या दिवशी दवाखान्यात बोलावता आलं तर फारच छान.

उपयोग नसलेले उपचार थांबवणं गुन्हा नाही का, ही शंका शिकलेल्या घरांतही असते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या कलमात मोडतो असं म्हटलं आणि शुद्धीत असताना वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे लिहून ठेवणारा कागद, करण्याला मान्यता दिली. त्याची पद्धत फार किचकट होती, म्हणून २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही एवढ्यावर ते होतं. रुग्णालयात उपचार थांबवताना डॉक्टरांची दोन मंडळं ते तपासतात. इंजेक्शन देऊन जीव घेणं मात्र भारतात बेकायदेशीरच आहे, आणि पॅलिएटिव्ह सेवेचा त्याच्याशी संबंध नाही. टीमकडून हे इच्छापत्र समजून घ्या, पण रुग्ण बोलता आहे तोवर.

आणि रुग्णाला खरं सांगायचं की नाही? "तात्यांना काही सांगू नका," अशी अट घालूनच मुलं डॉक्टरांकडे येतात. तात्यांना बहुधा सगळं कळलेलं असतं. ते पोरांना त्रास नको म्हणून बोलत नाहीत. चांगला समुपदेशक जबरदस्तीने काही सांगत नाही, तो तात्यांना विचारतो, "तुम्हाला काय वाटतंय?" आणि ऐकतो. टीममध्ये असं माणूस आहे का बघा. एखाद्याला वाटणीचं बोलायचं असतं, एखाद्याला पंढरीला जाऊन यायचं असतं.

पैसे, आणि नंतरचे कागद

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांचा खर्च भागतो. घरी येणारी मावशी, डायपर, हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र हा खर्च बहुधा खिशातूनच जातो. सरकारी टीमच्या भेटी मोफत असतात. धर्मादाय रुग्णालयात दाखल करायची वेळ आलीच, तर तिथल्या दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड हाताशी ठेवा. खासगी टीमकडून भेटीचे दर, रात्रीच्या फोनचे पैसे आणि साहित्याचं भाडं लिहून घ्या. गादी आणि खाट विकत घेऊ नका, भाड्याने किंवा एखाद्या मंडळाकडून मिळते.

एक गोष्ट मात्र निवडतानाच विचारून ठेवा: घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार? मृत्यूचं कारण सांगणारं प्रमाणपत्र, घरच्या मृत्यूसाठी ते नमुना ४-अ मध्ये असतं, रुग्णाला बघत असलेल्या डॉक्टरने द्यायचं असतं. टीमचे डॉक्टर नियमित येत असतील तर अडचण येत नाही. कुणीच बघत नसेल, तर ऐन वेळी गावभर डॉक्टर शोधत फिरावं लागतं. नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करा. उशीर झाला की शुल्क आणि वरची परवानगी लागते. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे आहे का ते तिथेच तपासा, आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या: बँक, विमा, पेन्शन, सोसायटी आणि सातबाऱ्यावरची वारसनोंद, प्रत्येक जण एकेक ठेवून घेतो.